पंप घेतला

"आत्या, मी पंप घेतला," असं पुण्याच्या आत्याला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं केलंस बाई. किती हॉर्सपॉवरचा? आणि पाणी आहे ना अजून?" चार दिवस आधी शेतावरच्या गड्यानंही अगदी हेच विचारलं होतं, फक्त हिंदीत. दोघांचाही दोष नाही. ग्वाल्हेरहून डबऱ्याला जाणाऱ्या रस्त्याला आमची थोडी जमीन आहे. तिथल्या बोअरची केबल दोन वर्षांत तीनदा चोरीला गेली. त्यामुळे आमच्या घरात पंप म्हटलं की पाण्याचा आणि बोअर म्हटलं की जमिनीतलं. 'बारा बोअरचा पंप घेतला' असं पूर्ण वाक्य सांगितलं असतं तर आत्यानं एवढी बोअरं कशाला पाडलीस म्हणून झापलंच असतं.

घेतली ती बंदूक. पंप ॲक्शन. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं टरफल उजवीकडून उडून पडतं, पुढे ढकलली की नळीखालच्या नळकांड्यातलं पुढचं काडतूस वर येऊन बसतं. सायकलमध्ये हवा भरायच्या पंपासारखी हालचाल, म्हणून पंप. आणि बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी. साडेअठरा मिलिमीटर. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे या मापावर माझा पहिल्या दिवसापासून जीव आहे. जितके बोअर जास्त तितकी नळी बारीक, हे उलटं नातं नववीच्या वर्गात सांगायचा मोह मी महत्प्रयासानं आवरते.

ग्वाल्हेरबाहेरच्या मराठी माणसाला शाळेतल्या बाईच्या घरी बंदूक हे जरा विचित्र वाटेल, म्हणून सांगते. आमच्या या भागात, आणि पलीकडे मुरैना-भिंडकडे तर जास्तच, परवाना ही घरातली एक वस्तू असते, जशी शेताची खातेपुस्तिका. मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाच्या पाठीला दुनळी आडवी लटकलेली आहे आणि हातात भाजीची पिशवी आहे, याकडे इथे कोणी वळून बघत नाही. २०१९ साली इथल्या जिल्हा प्रशासनानं तर बंदुकीचा परवाना हवा असेल तर आधी दहा झाडं लावा आणि त्यांच्याबरोबर सेल्फी काढून आणा, अशी अट घातली होती. मागणी एवढी, की तिच्यातून जंगल उभं राहील असा हिशेब असावा.

बाबांकडे दुनळी होती. परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की ते वारसाच्या नावावर करायची सोय नियमांत आहे. मी दोनदा तसं सुचवलं. "मी आहे ना अजून," असं म्हणून बाबांनी कागद कपाटात परत ठेवले. २०२१मध्ये ते गेले. माझं नाव चढायला पुढे दीड वर्ष गेलं. मधे सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, ठाण्याची चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब. शेजारच्या काकूंनी हवालदाराला सांगितलं, "तिचा आवाजच पुरेसा आहे," आणि तेही त्यानं लिहून घेतलं की काय कोण जाणे.

परवाना हातात आला तेव्हा दुनळी घेऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेले. त्यानं ती उलटी धरून कानाजवळ हलवली. आतून खुळखुळ असा आवाज आला, एखाद्या म्हाताऱ्या माणसानं बसल्या जागी कूस बदलावी तसा. नळ्या आणि दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा मागचा लाकडी भाग, जिथे मिटतात तो सांधा झिजला होता. शिवाय काडतूस बसतं तो कोठा जुन्या पद्धतीचा, पासष्ट मिलिमीटरचा, त्यात आजचं सत्तर मिलिमीटरचं काडतूस चालवायचं नाही. मिस्त्री म्हणाला, "इसकी अब पूजा कीजिए." शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात. दुनळी पूजेपुरती राहिली आणि दुसऱ्या जागी, मे २०२३मध्ये, ही नवी आली.

नवी बंदूक घरी आली त्याच रात्री बंगळुरूच्या पुतण्याचा मेसेज आला. मुलगा गुणी आहे, पण परदेशी व्हिडिओ बघून बघून त्याच्या मनात एक वेगळंच घर उभं राहिलंय, ज्यात सगळ्या खोल्यांत अंधार असतो आणि सगळ्या दारांमागे कोणीतरी असतं. त्यानं यादी पाठवली होती. 'काकू, ही अपग्रेड्स बघ.' अकरा वस्तू. टॉर्चचा क्लॅम्प, नेम धरायचं लाल ठिपक्याचं साइट, पिस्तुलासारखी मूठ, वाढीव मॅगझिन, बाजूला काडतुसं खोचायची चौकट, नळीवरची भोकाभोकांची जाळी, आणखी काय काय. प्रत्येकापुढे चांदण्या दिलेल्या.

मी ती यादी फळ्यावर गणित सोडवावं तशी सोडवायला बसले.

पहिली अडचण मापाची. ही बाजारातली बहुतेक अवजारं दोन अमेरिकन बंदुकांच्या अंगानं बेतलेली असतात: १९५०ची रेमिंग्टन ८७०, जिचे २००९पर्यंत एक कोटी नग निघाले होते, आणि साठच्या दशकातली मॉसबर्ग ५००. एक कोटी गिऱ्हाइकं असली की शिंपीसुद्धा त्याच मापाचे कपडे टांगून ठेवतो. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करणं ऐंशीच्या दशकापासून बंद आहे, म्हणजे आपल्या हातात येते ती देशी बनावटीची. दिसायला मावसबहीण, पण स्क्रूची भोकं चार मिलिमीटर इकडे. मला हे कळलं ते काडतुसांची चौकट मागवून, पैसे घालवून कळलं. ती आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. तिच्यात आई उदबत्त्यांचे पुडे खोचते.

काही गोष्टींना कायदाच हात लावू देत नाही, आणि ते पुतण्याला सांगणं भाग होतं. आवाज किंवा ज्वाळ दाबणारं कुठलंही साधन आपल्याकडे सामान्य परवान्यावर येत नाही. नळी परवानगीशिवाय आखूड करणं हा गुन्हा. वीस इंचांपेक्षा कमी नळीची बंदूक सरळ वेगळ्या, कडक वर्गात जाते. त्यानं उत्तरादाखल एक रडका चेहरा पाठवला.

ती भोकाभोकांची जाळी मात्र मला आवडली होती, इतिहासामुळे. जॉन ब्राउनिंगनं आखलेली विंचेस्टरची १८९७ सालची पंप बंदूक पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी खंदकांत नेली. नळी तापून डावा हात भाजू नये म्हणून वरून ही जाळी आणि पुढे संगीन. जर्मनीनं १९१८च्या सप्टेंबरमध्ये या बंदुकीविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला होता. विषारी वायू वापरून झाल्यावर. असो. आमच्या गच्चीवर संगीन लावायचा प्रसंग अजून आलेला नाही, आणि वर्षाकाठी जेवढी काडतुसं मी उडवते तेवढ्यात नळीवर हात शेकायलासुद्धा ऊब मिळत नाही. जाळी खोडली.

पिस्तुलासारखी मूठ लावायची तर मागचा दस्ता काढून टाकायचा. दिसतं झकास. पण मग बंदुकीचा सगळा धक्का मनगटात, आणि नेम धरायला गालाखाली काहीच नाही. दुकानातल्या पोरानं तशी एक हातात देऊन बघितली. मी ती कंबरेशी धरली आणि समोरच्या काचेत स्वतःला बघितलं. दसऱ्याच्या रामलीलेत ऐन वेळी पाठवलेल्या बदली राक्षसासारखी दिसत होते. खोडली.

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती यादीत नव्हती. मला बंदूक लांब होत होती.

माझी उंची पाच फूट एक इंच. बंदूक खांद्याला लावली की मान पुढे ताणावी लागे, पाठ मागे वाके, आणि चापावर बोटाचं फक्त टोक पोचे. मी गृहीत धरलं होतं की बंदूक अशीच असते, अवघड. जसं बँकेच्या काउंटरची उंची, बसमधला वरचा दांडा, शाळेतल्या फळ्याची वरची कड. आयुष्यभर आपण टाचा उंचावतो आणि त्याला वस्तूचा स्वभाव म्हणतो. मिस्त्रीनं दस्त्याचं बूड माझ्या कोपराच्या खोबणीत ठेवलं, हात वर उभा करायला सांगितला आणि तर्जनी चापापर्यंत किती जाते ते बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "ये तो छह फुट वाले के लिए बनी है."

चापापासून बुडापर्यंतचं अंतर साधारण चौदा इंच असतं. मला पावणेतेरा हवं होतं. दुकानदारानं काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची बंदूक गळ्यात मारायचा खूप प्रयत्न केला होता, "पानी में भी कुछ नहीं होगा मैडम," आणि मी केवळ बाबांच्या दुनळीची सवय म्हणून लाकडाचा हट्ट धरला होता. तो हट्ट आता कामी आला. लाकूड कापता येतं.

मिस्त्रीचं कापणं बघण्यासारखं होतं. आधी कागदी चिकटपट्टी गुंडाळली, लाकडाचे ढलपे उडू नयेत म्हणून. मागे जे रबर बसणार त्याची जाडी पाऊण इंच, म्हणजे लाकूड बारा इंचांवर आणायचं, दोन इंच जायला हवेत. पण त्यानं आधी दीडच कापले. मला बंदूक धरायला लावली. मी म्हटलं, अजून अर्धा. तो म्हणाला, घाई नको, घरी न्या, चार दिवस धरून बघा, कापलेलं लाकूड परत चिकटत नाही. चार दिवसांनी उरलेला अर्धा कापला. आणि तोही सरळ काटकोनात नाही. खालचं टोक त्यानं किंचित जास्त खाल्लं. का, असं विचारलं तर जरा लाजला आणि रंधा मारता मारता म्हणाला, बायकांना खालचं टोक छातीत रुततं. एवढी वर्षं दुसऱ्यांची हत्यारं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला हे कुठून कळलं असेल? बहुधा त्याच्याआधी कोणा ठकुराइनीनं किंवा एखाद्या महिला शिपायानं वैतागून सांगितलं असणार. कुठल्याच यादीत चांदण्या मिळाल्या नाहीत असं हे ज्ञान.

रबरानं एक गंमत केली. ते चांगलं मऊ होतं, धक्का निम्मा वाटायला लागला, पण बंदूक वर उचलताना त्याची वरची कड ओढणीत अडकायची. दोनदा ओढणीसकट बंदूक खांद्यावर आली. मिस्त्रीनं वरची कड कानशीनं गोल केली आणि तिच्यावर गुळगुळीत टेप लावली. त्याचे त्यानं पैसे घेतले नाहीत. कापलेले दोन तुकडे मात्र मी मागून घेतले. ते आता माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांवर असतात.

आता कानाचं.

बाबांना डाव्या कानानं कमी ऐकू येई. लहानपणापासून आम्हाला माहीत होतं की जेवताना बाबांच्या उजवीकडे बसायचं. डावीकडे आई बसे, कारण तिला त्यांना काही ऐकवायचं नसे, असं ती स्वतःच म्हणायची. कान कशानं गेला हे कोणी विचारलं नाही. वयानं, सर्दीनं, लहानपणी कोणी थोबाडीत मारली असेल. १९७२च्या वन्यजीव कायद्याआधी, बाबा तरुण असताना, तिघऱ्याच्या धरणाकडे तितरांच्या मागे जायचे, हे आम्ही गोष्टीसारखं ऐकलेलं. नंतर शिकार बंद झाली, पण वर्षातून दोन-चार बार व्हायचेच, दिवाळीत, शेतावर, नळी साफ राहावी म्हणून.

प्रशिक्षणाच्या वर्गात शिकवणाऱ्यानं अगदी सहज सांगितलं. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचं डोकं बंदुकीवर असं झुकतं की डावा कान नळीच्या तोंडाकडे होतो आणि उजवा डोक्याच्या सावलीत राहतो. बारा बोअरचा बार दीडशे डेसिबलच्या वर जातो. तेव्हा अशा माणसाचा आधी जातो तो डावा कान. पुढे तो काडतुसांबद्दल बोलायला लागला. मला वहीत काहीच लिहिता आलं नाही. पन्नास वर्षं आम्ही ज्या बाजूनं ताट मांडत आलो तिचं कारण इतकं सरळ होतं.

दुसऱ्या दिवशी इअरमफ आणले. या सगळ्या खटाटोपात मी किंमत न विचारता केलेली ही एकच खरेदी.

रेंजवर पहिल्या दिवशी आणखी एक भानगड निघाली. दहा बार केले, नऊ डावीकडे. शिकवणाऱ्यानं मला दोन्ही हात पुढे करून पंजांमध्ये एक त्रिकोणी झरोका करायला सांगितलं, त्यातून लांबचा खांब बघायला सांगितला आणि मग एकेक डोळा मिटायला लावला. डावा डोळा मिटला की खांब गायब. म्हणजे हात उजवा, पण डोळ्यांतला मालक डावा. बंदूक उजव्या डोळ्याखाली आणि नळीच्या टोकाचा पितळी मणी, ज्याला इकडे सगळे मक्खी म्हणतात, तो बघतोय डावा डोळा. नऊ बार डावीकडे जाणारच.

यावर बाजारात उपाय आहेत. फक्त उजव्याच डोळ्याला दिसेल असा चमकणारा मणी येतो, लाल ठिपक्याचं साइट येतं. पुतण्यानं लगेच लिंक पाठवली, किंमत बघून मी फोन उलटा ठेवला. शिकवणारा म्हणाला, चष्म्याच्या डाव्या काचेवर, बंदूक धरल्यावर मक्खी जिथे दिसते नेमकी तिथे चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. चिकटपट्टी कोणाकडेच नव्हती. मग मी कपाळावरची टिकली काढून काचेवर लावली. तिथली दोन पोरं हसली. पुढच्या दहांपैकी सात मधोमध गेले. पोरं हसायची थांबली असं लिहायला आवडलं असतं, पण ती हसतच होती. टिकली मात्र त्या चष्म्यावर कायमची राहिली. दहा रुपयांच्या पाकिटात बारा येतात.

बारा बोअरच्या काडतुसातून एका वेळी अनेक छरे सुटतात. अशा छऱ्यांच्या बंदुकीला नेम धरावा लागत नाही, समोर धरून ओढलं की झालं, असं इथे पानाच्या ठेल्यावरसुद्धा सांगतात. मला हे तपासून बघायचं होतं. नळीच्या तोंडाशी जी आवळ असते, चोक, तिच्यावर छरे किती पसरणार ते ठरतं. मोजायची रीत ठरलेली आहे: चाळीस यार्डांवर तीस इंचांचं वर्तुळ आणि त्यात किती टक्के छरे पडले. फुल चोकला सत्तर, आवळ नसलेल्या सरळ नळीला चाळीस. माझी नळी सरळ. पण चाळीस यार्डांवर मला कोणाला गाठायचंय? माझ्या कामाचं अंतर ओसरीच्या लांबीएवढं, आठ यार्ड. जुन्या वर्तमानपत्रांची चौघडी टांगली, खडकीच्या कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसं भरली आणि आठ यार्डांवरून बार केला. भोकांचा पुंजका मोजला. भाकरीएवढा. आईच्या हातची नाही, माझ्या हातची, जरा लहानच. यार्डाला इंच, असा जो ढोबळ हिशेब सांगतात तो बरोबर निघाला. म्हणजे ओसरीच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला नेम न धरता काहीही लागणार नाही, आणि जे चुकेल ते त्याच्या मागे जे असेल त्याला लागेल. त्या दिवसापासून ठेल्यावरच्या ज्ञानावर माझा राग आहे.

असाच दुसरा समज पंपच्या आवाजाचा. खटॅक-खटॅक ऐकूनच चोर पळतो म्हणे. पळत असेलही. पण अंधारात तो आवाज करून आपण नक्की कुठे उभे आहोत हेही त्याला सांगून मोकळे होतो. आणि तो आवाज नीट यायलासुद्धा सराव लागतो, हे मला घरी डमी काडतुसं घालून पंप मारताना कळलं. डमी काडतूस म्हणजे आकार तोच, आत दारू नाही. सुरुवातीला दर चौथ्या वेळी ते अर्ध्यात अडके. कारण मी मूठ पूर्ण मागे ओढतच नव्हते. दार हळू लावा, भांडी वाजवू नका, कपाट आपटू नका, या शिस्तीत वाढलेला हात. मिस्त्रीकडे तक्रार घेऊन गेले तर त्यानं बंदूक तपासली, मला एकदा पंप मारायला सांगितला आणि म्हणाला, "मशीन ठीक है. आप इसको पुचकार रही हैं." नाजूक हाताळली की ही अडते. आता दुपारी अर्धा तास, शेजारच्या काकू झोपायच्या आत, मी मनसोक्त दणके देते. आई म्हणते, पीठगिरणी सुरू झाली.

टॉर्चच्या क्लॅम्पवरून पुतण्याशी खरोखरचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, अंधारात दिसलं नाही तर बंदूक काय कामाची. माझं म्हणणं, टॉर्च नळीला बांधली की कोण आहे हे बघण्यासाठीच बंदूक त्याच्यावर रोखावी लागते. आणि आमच्या शेतावर रात्री कोण येतं? शेतीच्या लायनीला वीज येते रात्री-बेरात्री. बाराला लाइट आली की शेजारचा पाणी फिरवायला बांधावरून जातो, त्याचा पोरगा डबा घेऊन मागून जातो, आमचा गडी लघवीला उठतो. केबलचोर वर्षातून एकदा, ही माणसं रोज. मग बंदूक तशीच ठेवली आणि पैसे कडुनिंबाच्या झाडावर घातले: एक मोठा हॅलोजन, बटण ओसरीच्या आत. बटण दाबलं की सगळं अंगण उजळतं आणि शेजारचा बांधावरून ओरडतो, "बाईसाहेब, हम हैं!" त्यानंतर केबल एकदाही गेली नाही. श्रेय हॅलोजनला की पंपाच्या वार्तेला, यावर गड्यात आणि माझ्यात मतभेद आहेत.

बाकी किरकोळ. चापाला अडकवायचं कुलूप, किल्ली माझ्या मंगळसूत्रात. बंदूक कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत डब्यात. तीन तुकड्यांचा साफ करायचा गज, पितळी ब्रश, लोकरी बोंडका, तेल. पट्टा महाराज बाड्याच्या चौकाजवळच्या मोच्याकडून कॅनव्हासचा करून घेतला. पण पट्ट्यानं बंदूक खांद्याला लटकवून मी आजवर एकाच ठिकाणी गेले आहे, पोलीस ठाण्यात.

कारण ९ ऑक्टोबर २०२३ला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि आठवड्याच्या आत शस्त्रं जमा करायचा आदेश आला. दर निवडणुकीला हे होतं. लष्करातल्या गल्ल्यांतून लोक बंदुका घेऊन ठाण्याकडे निघतात आणि रांगेत गप्पा मारत बसतात. दोन-अडीच महिने सगळ्यांची हत्यारं मालखान्यात एकमेकांना टेकून उभी. बाबा दुनळी जमा करायच्या आदल्या रात्री तिला तेलानं अक्षरशः न्हाऊ घालायचे, तरी ती परत येताना गंजाचे ठिपके घेऊनच यायची. मीही दोघींना तेल लावलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि रांगेत उभी राहिले.

हवालदारानं दुनळीची नोंद एका ओळीत केली. पंप हातात घेतला आणि दस्त्याकडे बघून भुवई वर केली. "ये कटी हुई क्यों है?" मी म्हटलं, लाकूड कापलंय, नळी नाही. त्याला ते पुरेना. शिपायाला पाठवून कुठूनसा इंची टेप आणला, टेबलावर बंदूक आडवी घातली आणि नळी मोजली. रांगेतले सगळे पुढे येऊन बघायला लागले. वीसच्या आरामात वर भरली. मग त्यानं ती स्वतःच्या खांद्याला लावून बघितली. चांगला सहा फुटी गडी, कोपरं दुमडून कसाबसा मावला, हनुवटी जवळजवळ अंगठ्यावर. "बच्चों वाली है क्या?" "नहीं," मी म्हटलं, "मेरी है." पावतीवर त्यानं लिहिलं: बारा बोर पंप ॲक्शन एक, पट्ट्यासहित.

खंडेनवमी आली २३ तारखेला. आमच्याकडे त्या दिवशी पाटावर दुनळी मध्यभागी असे, बाजूला आजोबांची कट्यार, विळी, अडकित्ता, आईची कात्री, माझी कंपासपेटी. बाबा सोवळं नेसून दोन्ही नळ्यांना कुंकवाची बोटं ओढत. त्या वर्षी मध्यभाग मोकळा. आई पाट मांडून, झेंडूची फुलं ताटात घेऊन बसली होती आणि मध्ये काय ठेवायचं म्हणून माझ्याकडे बघत होती. मी कपाट उघडलं आणि जे होतं ते आणलं: गजाचे तीन तुकडे, ब्रश, चापाचं कुलूप, पाच डमी काडतुसं, दस्त्याचे दोन लाकडी तुकडे, ठाण्याची पावती, चष्मा, इअरमफ.

आईनं पावतीवर फूल ठेवलं. कुलपाला, काडतुसांना, लाकडाच्या तुकड्यांना कुंकू लावलं. चष्मा उचलला, काचेवरची टिकली बघितली आणि म्हणाली, "ह्याला तू आधीच लावलंयस." मग इअरमफ हातात घेऊन दोन्ही वाट्या दाबून बघितल्या.

"हे कशाला असतं गं?"

"कानाला लावायचं. बार करताना."

ती थोडा वेळ ते तसंच धरून बसली. मग म्हणाली, "ह्यांनी काही लावलं नसतं," आणि डाव्या वाटीला कुंकू लावलं.